ओप आणि धार

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत १९८३ साली पत्र्याच्या एका छपराखाली जुने पँटोग्राफ यंत्र मांडून, शेतीपंपांच्या स्टार्टरपेट्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कोरून देण्याचा उद्योग मी आरंभिला, त्या वेळी सफाई ही सर्व काम आटोपल्यावर धातूवर चढविण्याची वस्तू आहे, अशी माझी ठाम समजूत होती. आणि तिला कारणही तसेच होते, कारण मी वाढलो ते गाव सोनारांचे, आणि सराफ बाजारातील पेढ्यांच्या मागल्या खोल्यांत ओपणी फिरवून दागिन्याला झळाळी आणणारे हात मी बालपणापासून पाहिलेले. सोने ओपणीखाली दबते, पसरते आणि आपले व्रण आपणच बुजविते. ॲल्युमिनियमचा स्वभाव तसा नव्हे, हे उमगण्यात माझी पहिली पाच-सहा वर्षे खर्ची पडली.

तेव्हा सहज मिळे तो भांड्यांच्या जातीचा शुद्ध, मऊ पत्रा. त्याला कटर लागला की तो कापला जाण्याऐवजी चिकटे; धारेच्या टोकावर त्याचाच एक सूक्ष्म गोळा बसे, आणि पुढचे काम धारेने करावयाचे ते हा बोथट गोळा करू लागे; मग अक्षराचा काठ फाटे, तळ खरबरीत होई आणि काठावर उठलेली बर बोटाला टोचे. यावर इलाज घासलेटाचा. कुंचल्याने ते थेंब थेंब सोडत राहिले म्हणजे कीस सुटा होऊन वाहून जाई. परंतु घासलेट ही परवान्याची जिन्नस, आणि तिच्यासाठी तहसिलीच्या पुरवठा शाखेत अर्ज गुदरून हुकमाची वाट पाहत बसावे लागे. त्या तंगीत कोरड्यानेच कोरलेल्या पट्ट्या आम्ही खडू चोळलेल्या कानशीने, मग पॉलिश पेपरने आणि शेवटी बफाच्या चाकावर घासून चकचकीत करीत असू, आणि त्या चकाकीने आमचे मन भरून येई.

या समाधानाचा भंग धुळ्यात झाला. काळे ॲनोडायझिंग, म्हणजे द्रावणात वीज सोडून पट्टीवर ऑक्साइडचा थर वाढवून तो काळा रंगविणे, यासाठी आमचा माल तिकडे एका टाकीवाल्याकडे जात असे. या कामी शेकडा १५ ते २० गंधकाम्लाचे द्रावण २० अंशांच्या आसपास थंड राहावे असा दंडक आहे, आणि खानदेशातला मे महिना तर ४५ अंशांचा. १९८६ च्या मे महिन्यात परत आलेल्या पट्ट्यांवर बोट फिरविताच काळी पूड हाती आली, कारण उष्ण द्रावणात थर वाढता वाढता विरघळत राहतो व भुसभुशीत होतो. पुढे आमचा माल पहाटे, टाकीभोवतीच्या कुंडात बर्फाच्या लाद्या सोडून होऊ लागला व पूड थांबली. परंतु तेव्हाच दुसरा, खरोखर आमच्या पदरचा दोष दिसू लागला. हा थर रंगाप्रमाणे व्यंग झाकीत नाही, पृष्ठभाग जसा असेल तसाच तो उघडा मांडतो. बफाची वर्तुळे, कानशीचे ओरखडे, सारे काही काळ्यावर उमटून आले, आणि घासून गोलावलेल्या काठांवरून अक्षरांत भरलेला पांढरा रंग बाहेर ओघळला.

त्यानंतर मी बफाचे चाक जवळजवळ सोडून दिले आणि कटरच्या धारेकडे वळलो. एक अर्धगोल कटर घासून, भिंगाखाली धरून, मऊ दगडावर त्याचे अंग आरशासारखे होईपर्यंत मी संध्याकाळभर बसत असे. खरी परीक्षा पट्टीवरच्या ‘बंद’ या शब्दातील अनुस्वाराने घेतली. कटर सरळ खाली उतरविला की त्याच्या मध्यबिंदूला गती म्हणून नसतेच. तेथे धातू कापला न जाता रेटला जातो आणि ठिपक्याभोवती कडे उभे राहते. कटर किंचित बाजूला धरून, उतरतीने, इवलेसे वर्तुळ फिरवीत आत न्यावा आणि शेवटी केवळ ०.०५ मिलिमीटर धातू उरवून स्वच्छ घासलेटात एक हलका फेरा द्यावा, ही युक्ती हाती आली त्या दिवशी मला झालेला आनंद मी आजही सांगू शकत नाही.

पुढे एचई-३० जातीचा कठीण पत्रा नियमित मिळू लागला, मग मिनिटाला २४,००० फेरे घेणारी संगणकीय यंत्रे आली, आणि मिलिंगचे मोठे जॉबही त्याच छपराखाली होऊ लागले. त्या काळाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण चिकटणारा धातू, सुटा होणारा कीस आणि शेवटचा हलका फेरा हे सर्व तेच राहिले.

गेल्या वर्षी रावेरकडील एका केळीच्या बागेत विहिरीवरची जुनी पेटी दिसली. उन्हाने पट्टीचा काळा रंग राखाडी झाला होता, पांढरा रंग केव्हाच गेला होता. मी ‘बंद’ वरून नख फिरविले. अनुस्वाराच्या काठाशी ते अडले.