आचऱ्याचे कानविंदे आणि संस्थांच्या इमारती

रत्नागिरीत आर्किटेक्ट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो बंगला, नाहीतर अपार्टमेंट. पण प्रयोगशाळा, विद्यापीठ, संग्रहालय, नाट्यगृह असंच काम आयुष्यभर करणारे आर्किटेक्टही असतात. ते नेमकं करतात काय? हे समजून घ्यायला आपल्याच मातीतला एक माणूस आहे : अच्युत कानविंदे.

जन्म 1916 चा, आचरा गावातला. आज आचरा सिंधुदुर्गात आहे, पण 1981 पर्यंत तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. वडील चित्रकार आणि कलाशिक्षक. अच्युतराव मुंबईला जे. जे. मध्ये वास्तुकला शिकले आणि पुढे सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेत, म्हणजे सीएसआयआरमध्ये लागले. देशात नव्या प्रयोगशाळा उभ्या राहायच्या होत्या. म्हणून 1945 मध्ये त्यांना हार्वर्डला पाठवलं गेलं. तिथे शिकवायला होते वॉल्टर ग्रोपियस, जर्मनीतल्या बाउहाउसचे संस्थापक.

आता बघा, घराचा मालक समोर बसून सांगतो, मला देवघर इथे हवं. संस्थेत असा एक मालक नसतो. संचालक वेगळं मागतो, शास्त्रज्ञ वेगळं, आणि ज्या विद्यार्थ्यांसाठी हे सगळं चाललंय ते तर अजून आलेलेच नसतात! त्यात प्रयोग बदलत राहतात. आज जिथे चार टेबलं आहेत तिथे उद्या मोठं यंत्र येणार. म्हणून खांब ठरावीक अंतरावर घ्यायचे, मधल्या भिंती हलवता येतील अशा ठेवायच्या, पाण्याचे नळ नि वायरी दुरुस्तीला हाताशी येतील अशा न्यायच्या. दर्शनी भाग कसा दिसेल हा प्रश्न त्यानंतरचा.

आपला थिबा पॅलेसच घ्या ना. 1910 मध्ये बांधून झाला तो ब्रह्मदेशच्या राजाला राहण्यासाठी. आज तिथे संग्रहालय आहे. वास्तू तीच, वापर पार बदलला. संस्थेच्या आर्किटेक्टला हा बदल आधीच गृहीत धरावा लागतो.

1955 मध्ये कानविंद्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची फर्म काढली. त्यांचं गाजलेलं काम म्हणजे आयआयटी कानपूर. तिथला उन्हाळा म्हणजे भट्टी. त्यांनी शैक्षणिक भागात गाड्या बाहेर ठेवल्या, आणि वाचनालय, व्याख्यानगृहं, विभाग छताच्या मार्गांनी जोडले. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या कॅम्पसला पडवी दिली! विद्यार्थी सावलीतून चालतो, वाटेत दुसऱ्या विभागातला कुणी भेटतो, बोलणं होतं. संस्था घडते ती अशा ठिकाणीही, नुसती वर्गात नाही.

मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीच्या छतावर उंच धुराड्यांसारखे बुरूज दिसतात. ते शोभेचे नाहीत, आतली गरम हवा त्यातून बाहेर पडते. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र तर तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. तेही त्यांचंच. सुरुवातीची त्यांची कामं साधी, सपाट, पेटीसारखी होती. पुढे ऊन, वारा, माणसांची ये-जा यांना जास्त जागा मिळत गेली. 2002 मध्ये ते गेले.

या वाटेला जायचं असेल तर रस्ता सरळ आहे, पण लांब. बारावीनंतर नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर, पाच वर्षांचं बी.आर्क., मग वास्तुकला परिषदेकडे नोंदणी. त्याशिवाय कायद्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मोठ्या संस्थेचं काम मात्र लगेच हाती येत नाही. आधी दुसऱ्याच्या ऑफिसात वर्षानुवर्षं जिने, संडास आणि पावसाच्या पन्हळी काढाव्या लागतात. कंटाळवाणं वाटेल, पण इमारत चालते ती त्यावरच.

सुरुवात आजही करता येईल. पुढच्या वेळी नाटकाला गेलात की मध्यंतरात बघा : लोक कुठे उभे राहतात, छत्र्या कुठे ठेवतात, काठी टेकत आलेल्या आजींना खुर्चीपर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात. आणि काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.