उतार आधी वाचा, मग पाऊल टाका

आमच्या बीड जिल्ह्यात जमिनीवर बर्फ दिसतो तो गारपिटीत. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातली उभी पिकं गारांनी झोडपली, ते दिवस इथला शेतकरी विसरलेला नाही. डोंगरावरच्या बर्फाशी आपलं काय नातं, असं कुणी विचारलं तर मी गुरेझचं नाव घेतो. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या त्या खोऱ्यात हिमस्खलनात जे जवान गेले, त्यांत महाराष्ट्राचे अनेक होते, आणि बीड जिल्ह्याचाही एक होता.

आता तर अंबाजोगाई-परळीकडची तरुण पोरं हौसेनं केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला जातात. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत मी बर्फावर चालायला शिकलो. इथून निघणाऱ्या पोरांची तयारी करून घेणं हे माझं आवडीचं काम. बूट कुठले, जॅकेट केवढ्याचं, हे सगळे विचारतात. ज्या उतारावरून जायचं त्यावरचा बर्फ कसा आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. जिवाशी गाठ तिथंच असते.

डोंगरावरचा बर्फ थराथरानं साचतो. प्रत्येक हिमवृष्टीचा थर वेगळा: कधी भुसभुशीत, कधी वाऱ्यानं घट्ट दाबलेला, कधी उन्हानं वितळून रात्री पुन्हा गोठलेला. बर्फ कमी पडलेला असेल आणि थंडी कडाक्याची असेल, तर तळाशी घात तयार होतो. जमीन वरच्या हवेपेक्षा उबदार असते. तिच्याकडून वाफ वर सरकते आणि तळातल्या बर्फाचे मोठे, रवाळ कण होतात. हे कण एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा, घट्ट थर बसला की ज्वारीच्या दाण्यांवर शहाबादी फरशी तिरकी ठेवावी, तशी स्थिती होते. वरून सगळं शांत, मजबूत दिसतं. माणसाच्या वजनानं खालचा थर एका ठिकाणी दबला की तो मोडत सर्वदूर जातो आणि अख्खी लादी सुटते. अशा लादीखाली सापडणाऱ्या गिर्यारोहकांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती सुटण्याचं कारण ते स्वतः किंवा त्यांचाच सोबती असतो. म्हणूनच याला नुसता दैवाचा कोप म्हणून हात झटकता येत नाहीत.

लादी बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. चालायची काठी उताराच्या दिशेनं बर्फावर टेकवून तिच्यावर मोबाइल ठेवला, की कोन मोजणारं साधं ॲप तो आकडा दाखवतं. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतार पाहायचाच. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला टाकतो, ती आडोशाची बाजू जास्त धोक्याची. जवळपास नुकताच कोसळलेला बर्फ, पावलापासून पळत गेलेली भेग, पायाखाली ‘धप्प’ असा बसका आवाज, एकाएकी वाढलेली ऊब. यातलं एक जरी दिसलं तरी मागे फिरायचं.

थर वाचायची रीत प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे. फावड्यानं खड्डा खणून त्याची एक भिंत सरळ तासायची. मग वरून खाली हात लावत जायचं: मूठ सहज घुसते तो थर अगदी मऊ, चार बोटं घुसतात तो जरा घट्ट, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी चाकू. चाकूच्या थराखाली एकदम मूठ घुसली, की कान टवकारायचे. पुढे ३० सेंटिमीटर लांब-रुंद खांब कापून त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि वर थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मनगटाच्या थापांतच खांब चिरून सरकला, तर त्या उतारावर जायचं नाही. मात्र खांब टिकला म्हणून उतार निर्धोक ठरत नाही. पाच पावलांवर थर वेगळा असू शकतो.

४ ऑक्टोबर २०२२ला द्रौपदी का डांडा–२ या शिखराजवळ मी शिकलो त्याच संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन आलं. २५हून अधिक जीव गेले. जिथं शिकलेली माणसंही सापडतात, तिथं नवख्यानं किती जपायला हवं!

गाडलेला माणूस १५ मिनिटांच्या आत बाहेर निघाला, तर वाचण्याची शक्यता दहात नऊच्या आसपास असते. अर्ध्या तासानंतर ती फार खाली येते. इतक्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. वाचवतात ते सोबतीच, आणि त्यासाठी प्रत्येकाजवळ तीन वस्तू लागतात: ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारं-घेणारं बीकन, बर्फात खुपसून शोधायची लांब सळई आणि फावडं. त्या वापरण्याचा सरावही हवा. धोक्याचा उतार एकेकट्यानं ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

म्हणून पैसे भरण्याआधी ट्रेक नेणाऱ्याला विचारा: वाटेत ३० अंशांवरचे उतार कुठे आहेत? ते दिवसाच्या कोणत्या वेळी ओलांडणार? गेल्या आठवड्यात बर्फ किती पडला, वारा कुठून होता? चंडीगडच्या ‘डीजीआरई’ या सरकारी संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे तुम्ही पाहता का? परत फिरायचा निर्णय कोण घेणार? नीट उत्तरं देईल त्याच्यासोबत जा. जो ‘काही होत नाही’ म्हणेल, त्याच्याकडे आपली पोरं सोपवू नका.