दीड इंचातलं १९८४

माझ्या टेबलावर एक कॉम्प्युटर आहे, कटिंगच्या ग्लासापेक्षाही बुटका. मागचं बटण दाबलं की क्षणभर काहीच होत नाही. मग अगदी बारीक शिट्टी ऐकू येते, दीड इंचाच्या पडद्यावर निळसर उजेड फुटतो आणि त्या उजेडात एक इवलासा कॉम्प्युटर हसताना दिसतो. कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर! हे हसरं चित्र सुझन केअर या चित्रकर्तीनं अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशसाठी काढलं होतं.

मूळ मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी कॅलिफोर्नियात लोकांसमोर आला. किंमत २,४९५ डॉलर, मेमरी १२८ किलोबाइट, पडदा ९ इंची आणि कृष्णधवल. माझी प्रतिकृती त्याच्या एक षष्ठांश मापाची आहे. षष्ठांशच का? मला मिळालेली पिक्चर ट्यूब दीड इंची होती म्हणून. या कामात माप आपण ठरवत नाही, ट्यूब ठरवते.

ती मिळाली कुठे? लग्नाच्या शूटिंगचे ते खांद्यावरचे अवजड कॅमेरे आठवा. शूटिंगवाला एक डोळा मिटून, दुसरा रबरी वाटीला लावून नवरा-नवरीच्या मागे फिरायचा. त्या वाटीच्या आत भिंग असायचं आणि भिंगापलीकडे चक्क एक टीव्ही. काचेची ट्यूब, तिच्या मानेभोवती योक नावाची तारेची गुंडाळी, शेजारी जास्त दाबाची वीज बनवणारी ईएचटी, सगळं घरच्या टीव्हीसारखंच, फक्त बोटभर. साध्या बनावटीच्या अशा व्ह्यूफाइंडरला तीनच तारा पुरतात: वीज, ग्राउंड आणि व्हिडिओ.

व्हिडिओ पुरवायला रास्पबेरी पाय झीरो हा चिमुकला बोर्ड आहे. २०१५ साली तो पाच डॉलरला निघाला. त्यावर ‘टीव्ही’ असं छापलेली दोन छिद्रं असतात, तिथे दोन तारा सोल्डर करायच्या. मिनी व्हीमॅक नावाचं सॉफ्टवेअर त्याला जुन्या मॅकची नक्कल करायला लावतं. बोर्ड मुळात अमेरिकी पद्धतीचा सिग्नल देतो. आपल्याकडच्या कॅमेऱ्याला पाल पद्धत हवी असते, पण त्यासाठी सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलली की झालं.

आता खरी गंमत. पडद्यावर आपल्याला चित्र दिसतं, पण तिथे चित्र नसतं. तिथे असतो एकच ठिपका. ट्यूबच्या मागच्या टोकाला तापलेल्या तंतूजवळून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ईएचटीनं तयार केलेला काही हजार व्होल्टचा दाब त्यांना पुढे खेचतो. दोन हजार व्होल्ट धरले तरी त्यांचा वेग सेकंदाला २६,००० किलोमीटर भरतो. या वेगानं पृथ्वीप्रदक्षिणा दीड सेकंदात आटोपेल. आणि इथे त्यांना जायचं असतं जेमतेम बोटभर! काचेच्या आतल्या लेपावर ते आदळले की तेवढी जागा चमकते.

योकमधला वीजप्रवाह बदलत राहतो, तसा हा ठिपका डावीकडून उजवीकडे ओढला जातो आणि पुन्हा झटक्यात डावीकडे येतो. पालमध्ये अशा सेकंदाला १५,६२५ ओळी होतात. सुरुवातीची शिट्टी याच कंपनांची. वय वाढलं की ती आपल्याला ऐकू येईनाशी होते, लहान मुलं मात्र लगेच कान टवकारतात. एका ओळीच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात, त्यातले ५२ चित्राचे. माझा पडदा तीन सेंटिमीटर रुंद आहे. गणित मांडलं तर ठिपका सेकंदाला जवळजवळ ५७७ मीटर धावतो, म्हणजे आवाजाच्या दीडपटीहून जास्त वेगानं. तेही काडेपेटीहून लहान पडद्यावर.

मूळ मॅकच्या पडद्यावर ३४२ ओळी होत्या आणि त्या सगळ्या सेकंदाला साठ वेळा ओढल्या जात. म्हणून तो पडदा छापील कागदासारखा स्थिर वाटे. पाल मात्र चित्र दोन हप्त्यांत देतं: आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. एरवी ते लक्षात येत नाही. पण मॅकच्या खिडकीच्या माथ्यावर एक काळी, एक पांढरी अशा आडव्या रेघा असतात. काळ्या एका हप्त्यात, पांढऱ्या दुसऱ्या हप्त्यात! परिणामी अख्खी खिडकी ठीक आणि तेवढा माथा थरथरतोय. यावर माझ्याकडे इलाज नाही, आता तो थरकाप मला आवडायलाही लागलाय.

षष्ठांशाचे हिशोबही मजेशीर. मूळ पडद्यावरचा एक ठिपका इथे जवळपास केसाच्या जाडीएवढा होतो, म्हणून अक्षरं वाचायला कॅमेऱ्याचंच भिंग लागतं. ट्यूबची मान मात्र प्रमाणात आखूड होत नाही, त्यामुळे माझ्या मॅकला पाठीमागे पोक आलं आहे. साडेसहा सेंटिमीटरचा पाय झीरो त्याच पोकात आडवा झोपतो. पहिल्या ट्यूबची मान मी घाईत योक सरकवताना मोडली. ‘फुस्स’ असा बारीक आवाज आला आणि आतल्या निर्वात पोकळीत हवा शिरली. तेव्हापासून ट्यूबला हात लावण्याआधी वीज काढतो, साठलेला भार उतरवतो आणि मग दम धरतो.

सर्वांत मोठं नवल फ्लॉपीच्या फटीचं. साडेतीन इंची फ्लॉपी ९ सेंटिमीटर रुंद असे. तिचा सहावा भाग दीड सेंटिमीटर. पाय झीरोचं मायक्रोएसडी कार्ड किती लांब असतं? बरोबर दीड सेंटिमीटर. आडवं धरलं तर ते फटीत असं जातं, जणू १९८४ सालीच मोजून कापलं होतं. त्या फ्लॉपीवर ४०० किलोबाइट मावत. माझं कार्ड ३२ गिगाबाइटचं, म्हणजे तशा ८०,००० फ्लॉप्या.

एलसीडी लावली असती तर हे काम एका संध्याकाळी झालं असतं. पण मग तो मॅकचा पुतळा झाला असता. यात मॅकची हालचाल आहे, तोच पळणारा ठिपका. तो पळतोय हे स्वतःच्या डोळ्यांनी कधीच दिसत नाही, कारण चित्र पुरं करण्याचं काम डोळेच करत असतात. म्हणून एकदा मोबाइलचा शटर वेगवान करून पडद्याचा फोटो काढला. खालचा अर्धा भाग काळा आला. वरच्या अर्ध्यात हसऱ्या कॉम्प्युटरचे डोळे उमटले होते, हसू अजून यायचं होतं.