‘डिसेंट’ : वंशभेदविरोधी करारातील एक शब्द

आंतरराष्ट्रीय करार हे राज्याराज्यांनी परस्परांना दिलेले वचन असते. परंतु त्या वचनाचे साधन भाषा हेच असल्यामुळे, एखाद्या शब्दाची व्याप्ती कशी ठरते यावर कराराचे संरक्षण कोणाला लाभणार आणि कोण त्याबाहेर राहणार हेही अवलंबून असते. सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी संमत केला व ४ जानेवारी १९६९ पासून तो अमलात आला. या कराराच्या पहिल्या कलमातील ‘डिसेंट’ हा शब्द वरील विधानाचे बोलके उदाहरण होय.

या कराराची पार्श्वभूमी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न १९४६ साली भारताने आमसभेपुढे मांडला, तेव्हापासून वंशभेद हा केवळ एखाद्या राज्याचा अंतर्गत प्रश्न नव्हे, हा विचार जागतिक व्यासपीठावर रुजू लागला. १९५९-६०च्या हिवाळ्यात युरोपात ज्यूविरोधी प्रकारांची लाट उसळली. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे निदर्शकांवर गोळीबार झाला. आणि त्याच सुमारास स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी राष्ट्रांमुळे आमसभेचे स्वरूप पालटले. १९६३ साली प्रथम एक जाहीरनामा निघाला. त्यात वंश, रंग आणि वांशिक मूळ एवढ्याच आधारांचा उल्लेख होता. १९६५ साली कराराच्या मसुद्यावर चर्चा चालू असता ‘डिसेंट’ हा शब्द त्यात समाविष्ट झाला, तो भारताने मांडलेल्या दुरुस्तीमुळे. ३ डिसेंबर १९६८ रोजी भारताने कराराला अनुसमर्थन दिले.

कराराचे पाच पाठ सारखेच प्रमाण मानले गेले आहेत. इंग्रजीतील या शब्दाच्या जागी फ्रेंच पाठात ‘आसांदांस’ व स्पॅनिश पाठात ‘लिनाहे’ हे शब्द योजलेले आहेत. दोहोंचा रोख पूर्वजपरंपरेकडे आहे. भारतीय भाषांत मात्र वाट सरळ नाही. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात हाच शब्द येतो. तेथे हिंदी पाठात ‘उद्भव’, तर मराठी पाठात ‘कूळ’ असा पर्याय आहे. ‘रेस’ या शब्दासाठी हिंदीने ‘मूलवंश’ हा शब्द घडविला. मराठीने ‘वंश’ हाच शब्द कायम ठेवला. परंतु मराठीत ‘वंश’ म्हणजे आधी घराण्याची संतती. वंशावळ, निर्वंश हे शब्द त्याच अर्थाचे. रंगासाठी ‘वर्ण’ योजावा, तर चातुर्वर्ण्याची छाया पडते. इंग्रजीत जे आधार वेगळे दिसतात, ते मराठीत एकमेकांत मिसळू लागतात.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. कराराच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या अठरा तज्ज्ञांच्या समितीपुढे १९९६ साली भारताचा अहवाल आला, तेव्हा जात हा वंशाचा प्रकार नसल्याने ती कराराच्या कक्षेत येत नाही, अशी भारत सरकारची भूमिका होती. हा शब्द केवळ वंशापुरता मर्यादित नाही, असे समितीने नोंदविले. २००१ साली दरबान येथील जागतिक परिषदेत दलित संघटनांनी हा प्रश्न आग्रहाने मांडला. तथापि अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. पुढल्याच वर्षी समितीने आपल्या एकोणतिसाव्या सर्वसाधारण शिफारशीत, जात व तत्सम वारसाहक्काने येणाऱ्या दर्जावर आधारलेला भेदभाव या शब्दात अंतर्भूत आहे, असा स्पष्ट अर्थ लावला.

येथे दोन प्रश्नांची गल्लत टाळली पाहिजे. जात म्हणजे वंश नव्हे, हे मत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधापासून अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील १९४८च्या ग्रंथापर्यंत सातत्याने मांडले. तरीही १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली. दोन समाजांचे मूळ वेगळे असले, तरी त्यांच्या स्थितीतील साम्य त्यांनी ओळखले होते. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले, त्यामागेही हीच जाणीव होती. तेव्हा ‘जात वंश नव्हे’ हे विधान मान्य केल्याने ‘जात कराराबाहेर आहे’ असा निष्कर्ष निघत नाही. कारण करारात वंशाखेरीज हा दुसरा आधार स्वतंत्रपणे नमूद आहे.

या दृष्टीने पाहता ‘कूळ’ हा पर्याय अपुरा वाटतो. कुलीन, कुळशील, शहाण्णव कुळी या शब्दांत कूळ हा मिरविण्याचा विषय आहे. शिवाय कूळकायद्यातील कूळ म्हणजे जमीन कसणारा. जन्माने माथी आलेला कलंक या शब्दातून ध्वनित होत नाही. दलित आत्मकथनांनी मात्र ज्या अनुभवाला शब्द दिले, तो नेमका हाच आहे. म्हणून करारातील या शब्दासाठी ‘जन्माने लाभलेला वा लादलेला सामाजिक दर्जा’ असा लांबट, पण निःसंदिग्ध पर्याय स्वीकारणे अधिक युक्त ठरेल. सुटसुटीतपणासाठी अर्थाचा संकोच झाला, तर ज्यांच्या रक्षणासाठी तो शब्द कामी येऊ शकतो, तेच त्या मराठी वाक्याबाहेर राहतील.