प्रेअरीवरील पशुपालक कुटुंबाचे शब्द आणि त्यांचे कष्ट

एखाद्या समाजावर कोसळलेल्या आपत्तींचा इतिहास लिहिताना अभ्यासक सरकारी अहवाल, हिशेबाच्या वह्या आणि पत्रव्यवहार यांचा आधार घेतात. त्या समाजाच्या नित्य वापरातील शब्दांकडे मात्र ते क्वचितच वळतात. वस्तुतः शब्द हेही एक प्रकारचे दप्तरच होय. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी नावाच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात गुरे पाळून राहणाऱ्या कुटुंबांची शब्दसंपत्ती या दृष्टीने तपासली असता तीत तीन थर स्पष्ट दिसतात : कामाचे शब्द, हवामानाचे शब्द आणि कायद्याचे शब्द. हे तीन थर तीन निरनिराळ्या ठिकाणी घडले. या कुटुंबांच्या हालअपेष्टांचे एक प्रमुख कारण त्यांच्यातील विसंगतीत सापडते.

१. कामाचे शब्द

‘प्रेअरी’ हा शब्द फ्रेंच असून लॅटिनमधील ‘प्रातुम’ म्हणजे कुरण या शब्दापासून तो आला आहे. मिसिसिपी नदीच्या परिसरातील उंच, हिरव्या गवताला फ्रेंचांनी हे नाव दिले. पुढे वसाहत पश्चिमेकडे सरकली, तसा तो शब्दही सरकला. परंतु शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताच्या आसपास पर्जन्यमान वर्षाला सुमारे २० इंचांच्या खाली जाते, आणि त्यापलीकडचे गवत आखूड व विरळ असते. नाव ओल्या भूमीचे आणि भूमी मात्र कोरडी, अशी स्थिती येथे आरंभापासूनच होती.

गुरे राखण्याच्या धंद्यातील शब्द बहुतांशी स्पॅनिश आहेत. ‘रँच’ हे मेक्सिकोतील ‘रांचो’चे रूप होय, ‘रांचो’ म्हणजे झोपडी, वस्ती, लहान शेतवाडी. गुरे कोंडण्याचे आवार तो ‘कोराल’. गुरे पकडण्याचा दोर तो ‘लॅरिअट’. हा मूळचा ‘ला रेआता’ असून त्यात स्पॅनिश उपपद ‘ला’ नामाशी कायमचे जुळून गेले आहे. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यावर टेक्सासमधील गुरांचे कळप उत्तरेकडे हाकले जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर ही परिभाषाही मोंटाना व डाकोटापर्यंत पोहोचली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शब्दांबरोबर पद्धतीही येतात. दक्षिण टेक्सासच्या उबदार हवेत गुरे बारमाही उघड्यावर चरत. त्यांच्यासाठी गवत साठवून ठेवण्याची गरज नसे. हीच पद्धत जशीच्या तशी अशा प्रदेशात आणली गेली, जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली कितीतरी उतरतो.

२. हवामानाचे शब्द

त्या पद्धतीची परीक्षा १८८६-८७ च्या हिवाळ्यात झाली. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला होता आणि कुरणांवर त्यांच्या शक्तीपेक्षा अधिक गुरे होती. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडी गवत शिल्लक नव्हते. नोव्हेंबरात बर्फ पडू लागले. मध्येच थोडे वितळून पुन्हा गोठल्याने त्यावर कठीण कवच चढले. ते फोडून गवतापर्यंत पोहोचणे गुरांना अशक्य झाले. जानेवारी १८८७ मधील वादळांनी उरलीसुरली आशा संपविली. डाकोटात गुरे पाळणारे थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांचा निम्म्याहून अधिक कळप या हिवाळ्यात गेला. मोंटानात कळपाच्या मालकाने गुरांची खबर विचारली असता, तेथे गुराखी असलेले चित्रकार चार्ल्स रसेल यांनी काढलेले, बर्फात उभ्या असलेल्या एका हाडाडलेल्या गाईचे लहानसे चित्र उत्तरादाखल धाडले गेले.

या अनुभवातून निर्माण झालेला शब्दसमूह उसना नाही. गुरे एकत्र हाकून आणण्याच्या वार्षिक कामाला ‘राउंड-अप’ म्हणत; त्याच धर्तीवर या हिवाळ्याला लोकांनी ‘डाय-अप’ असे नाव दिले. गोळा करण्याच्या जागी मरणे घालून केलेला हा शब्द विनोदी वाटतो. पण त्यामागचे दुःख लपत नाही. ‘ब्लिझर्ड’ या शब्दाचा अर्थ पूर्वी जोराचा तडाखा किंवा बंदुकीची फैर असा होता. हिमवादळ हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाला. हिवाळ्यात अकस्मात येऊन बर्फ वितळविणारा उबदार वारा तो ‘चिनूक’. हे नाव कोलंबिया नदीच्या मुखाजवळ राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या जमातीचे आहे.

सरपणाच्या बाबतीतही असेच घडले. या प्रदेशात झाडे नाहीत. वसाहतवाल्यांनी प्रथम रानगव्यासारख्या बायसनचे वाळलेले शेण जाळले. १८८० नंतरच्या काही वर्षांत बायसनचे कळप जवळजवळ नामशेष झाले, आणि त्यांवर जगणाऱ्या मूळ जमातींचा आधार तुटला. मग गाईचे शेण वेचले जाऊ लागले. मात्र त्याला असलेला ‘चिप’ हा शब्द कायम राहिला. मराठीतील ‘गोवरी’ हा त्याचा नेमका पर्याय नव्हे, कारण गोवरी हाताने थापतात. ‘रानशेणी’ हा शब्द अधिक जवळचा आहे. त्या वेचण्याचे काम स्त्रिया आणि मुले करीत.

१८८७ नंतर उघड्या कुरणावरील मोठ्या कंपन्यांपैकी पुष्कळ बुडाल्या. जे टिकले त्यांनी कळप लहान केले, कुंपणे घातली आणि हिवाळ्यासाठी गवताच्या गंजी रचण्यास आरंभ केला. गवत कापणे, वाळविणे आणि रचणे हे अनेक हातांचे काम आहे; पगारी गुराख्यांपेक्षा ते घरच्या माणसांच्या श्रमावर अधिक चालते. कौटुंबिक रँचला महत्त्व आले ते असे.

३. कायद्याचे शब्द

तिसरा थर पूर्वेकडील दमट प्रदेशात घडला. सरकारी मोजणीत जमिनीचे एक मैल बाजूचे चौकोन आखीत. अशा ६४० एकरांच्या चौकोनास ‘सेक्शन’ म्हणत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबास त्याचा चतुर्थांश, म्हणजे १६० एकर जमीन देऊ केली. जमिनीवर मांडलेला हक्क तो ‘क्लेम’. पाच वर्षे वास्तव्य व लागवड करून तो शाबीत करणे म्हणजे ‘प्रूव्ह अप’. न्यायालयातील ही भाषा घरोघरी रूढ झाली.

दमट भागात १६० एकरांवर एक कुटुंब सुखाने जगत असे. कोरड्या भागात ते शक्य नाही, हे जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात दाखविले होते. गुरे पाळणाऱ्या कुटुंबास तेथे २,५६० एकर, म्हणजे सोळापट जमीन हवी, अशी त्यांची शिफारस होती. ती स्वीकारली गेली नाही. १९०४ मध्ये काँग्रेस-सदस्य मोझेस किंकेड यांच्या कायद्याने पश्चिम नेब्रास्कापुरते क्षेत्र ६४० एकर केले. १९१६ मध्ये पशुपालनाच्या जमिनीसाठी हेच माप इतरत्र लागू झाले. पॉवेल यांच्या मापाचा हा केवळ चौथा हिस्सा होता. अशा कोरड्या कुरणात एका गाईस वर्षाकाठी पंधरा ते वीस एकर लागतात असे धरले, तर ६४० एकरांवर तीस-चाळीस गाईंहून अधिक पोसता येत नाहीत. इतक्या गुरांवर कर्ज, कर आणि कुटुंबाचा निर्वाह भागणे कठीण होते. किंकेड कायद्याखाली आलेल्या लोकांना ‘किंकेडर’ म्हणत. त्यांपैकी अनेकांनी हक्क शाबीत होताच जमीन शेजारच्या मोठ्या मालकास विकली.

४. एका कुटुंबाचे उदाहरण

नेब्रास्काच्या वायव्येस सँडहिल्स नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांवरील गवताचे आवरण एकदा फाटले, की वारा वाळू उपसून मोठा खड्डा करतो. त्यास तेथे ‘ब्लोआउट’ म्हणतात. जमीन नांगरणाऱ्याला हा शब्द लवकरच शिकावा लागे.

स्वित्झर्लंडहून आलेले जूल्स सँडोझ १८८४ मध्ये या परिसरात स्थायिक झाले. ते लहान वसाहतवाल्यांचे कैवारी व मोठ्या पशुपालकांचे विरोधक होते. तथापि वाळूच्या टेकड्यांत गुरांवाचून निर्वाह नाही, हे त्यांच्या कुटुंबासही चुकले नाही. त्यांची ज्येष्ठ कन्या मारी १८९६ मध्ये जन्मली. घरात स्विस-जर्मन बोलत. नवव्या वर्षी शाळेत जाईपर्यंत तिला इंग्रजी येत नव्हते. लहानपणीच धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि घरासाठी पाव भाजणे ही कामे तिच्याकडे आली. साधारण चौदा वर्षांची असताना एका हिमवादळानंतर तिने दिवसभर बर्फाच्या ढिगाऱ्यांतून गुरे उकरून काढली. उन्हात चकाकणाऱ्या बर्फाच्या तेजाने तिची दृष्टी गेली. पुढे एका डोळ्यास दिसू लागले, दुसरा कायमचा निकामी झाला. कुटुंबाची काही गुरे वाचली, त्यांची ही किंमत होती. १९३५ मध्ये मारी सँडोझ यांनी वडिलांचे चरित्र ‘ओल्ड जूल्स’ या नावाने प्रसिद्ध केले. प्रेअरीवरील कुटुंबजीवन जाणण्याचे ते आजही एक मुख्य साधन आहे.

५. १९३४ चा दुष्काळ

१९३० नंतर मंदी आणि अवर्षण एकत्र आले. गुरांचे भाव पडले होते. १९३४ मध्ये गवतही उगवले नाही. अनेकांनी रशियन काटेरी तण हिरवे असतानाच कापून गुरांना घातले. वाळल्यावर वाऱ्याबरोबर गडगडत जाणारे हे तण ‘टंबलवीड’ म्हणून ओळखले जाते. १४ एप्रिल १९३५ च्या प्रचंड धुळीच्या वादळानंतर रॉबर्ट गायगर या वार्ताहराच्या बातमीतून ‘डस्ट बोल’ हा शब्द सर्वत्र झाला. तो दक्षिणेकडील भागास उद्देशून होता. धूळ मात्र उत्तरेकडेही उडतच होती.

१९३४ च्या उन्हाळ्यापासून संघसरकारने आपद्ग्रस्त जिल्ह्यांतील गुरे विकत घेण्यास आरंभ केला. दोन वर्षांवरील जनावरास १२ ते २०, एक ते दोन वर्षांच्या जनावरास १० ते १५, आणि वासरास ४ ते ८ डॉलर मिळत. ही रक्कम दोन भागांत विभागलेली असे. खरेदीच्या भागावर गुरे तारण ठेवून घेणाऱ्या सावकाराचा किंवा बँकेचा हक्क पोहोचे. साहाय्याचा भाग मात्र पशुपालकाच्याच हाती पडे. वासरामागे हा दुसरा भाग ३ डॉलर होता. खाण्यायोग्य गुरांचे मांस गरजूंसाठी डबाबंद केले जाई. अयोग्य ठरलेली गुरे तेथेच गोळी घालून पुरली जात. एकूण सुमारे ८३ लक्ष गुरे या योजनेत खरेदी झाली. ज्या कुटुंबाने प्रत्येक गाय नावाने वा खुणेने ओळखली होती, त्याच्या दृष्टीने ही मदत होती आणि शिक्षाही होती. तिच्यावाचून मात्र ती गुरे उपाशी मेली असती आणि हाती काहीच आले नसते.

त्याच वर्षीच्या टेलर कायद्याने उरलेल्या सरकारी कुरणांवर परवान्याची पद्धत आणली. जमीन फुकट घेण्याचे युग त्यामुळे बहुतांशी संपले.

उपर्युक्त तिन्ही थर एकत्र पाहिले असता निष्कर्ष असा निघतो : कामाचे शब्द उष्ण दक्षिणेतून आले, कायद्याचे शब्द दमट पूर्वेतून आले, केवळ हवामानाचे शब्द त्या भूमीवर, तेथील माणसांच्या तोंडी अर्थ पावले. पहिल्या दोहोंनी कुटुंबास काय करावे आणि किती जमिनीवर करावे हे सांगितले; ते का साधत नाही हे तिसऱ्याने सांगितले. ‘डाय-अप’ आणि ‘ब्लोआउट’ हे शब्द रूढ झाले त्या वेळी कायदा १६० आणि ६४० या आकड्यांतच बोलत होता. ज्या भाषेत लोक आपली हानी सांगतात, ती भाषा जमिनीचे माप ठरविणाऱ्यांच्या कानी उशिरा पोहोचली. तोवर हे अंतर भरून काढण्याचे काम स्त्रियांच्या आणि मुलांच्या श्रमांनी केले.