ब्रेकमध्ये जळणारे पेट्रोल

गाडी घेताना पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो आणि घेतल्यावरची पहिली तक्रारही ॲव्हरेजचीच असते. शोरूममध्ये सांगितले बावीस, हातात पडतात पंधरा. मग पंपवाल्यावर संशय, सर्व्हिसिंगवाल्यावर संशय, अलीकडे पेट्रोलमधल्या इथेनॉलवर संशय. संशयितांच्या या यादीत आपल्या उजव्या पायाचे नाव मात्र सहसा नसते.

आधी त्या बावीसचे काय ते पाहू. हा आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. पुणेकर जिला एआरएआय टेकडी म्हणतात, तिथल्या वाहन-संशोधन संस्थेत किंवा तिच्यासारख्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गाडी फिरत्या रोलरवर उभी करून हे मोजमाप होते. ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे सुमारे वीस मिनिटे गाडी चालवायची, वेग ताशी ९० च्या वर न्यायचा नाही, एसी बंद. मागून हॉर्न वाजवणारा कोणी नाही, मध्येच घुसणारी रिक्षा नाही. दोन मॉडेलची आपसांत तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. आपल्या गाडीने तो दिलाच पाहिजे, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

इथेनॉलचा हिशोबही मांडता येतो. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांशच ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. बावीसचे साडेवीस होण्याइतपत हा दोष आहे. पंधरा होण्यासाठी बाकीचे हातभार आपण लावलेले असतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार झटक्याने वेग वाढवणे आणि करकचून ब्रेक मारणे या सवयीमुळे थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत ॲव्हरेज दहा ते चाळीस टक्क्यांनी घसरू शकते. हे असे का होते ते समजून घेतले, तर पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

एक टन वजनाची गाडी ताशी ६० वेगाने चालली आहे. तिच्या अंगात त्या वेगामुळे सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा भाग चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर गाडीला त्या वेगापर्यंत आणायला सतराएक मिलिलिटर पेट्रोल लागते, चहाचे तीन-साडेतीन चमचे. समोर लाल सिग्नल दिसतो आणि आपण ब्रेक दाबतो. ती सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅड तापवण्यात संपते. हिरवा लागला की पुन्हा सतरा मिलिलिटर. शहरातल्या एका फेरीत असे वीस वेळा झाले, तर तिसरा हिस्सा लिटर पेट्रोल निव्वळ ब्रेक तापवण्यात गेले. म्हणून मी म्हणेन, पेट्रोलचा खरा हिशोब ॲक्सिलरेटरपाशी नव्हे, ब्रेकपाशी ठेवावा. आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. साठवरून थांबण्यात जेवढे वाया जाते, त्याच्या निम्म्याहूनही कमी चाळीसवरून थांबण्यात जाते. दोन सिग्नलमधल्या चारशे मीटरसाठी गाडी साठवर नेणारा गृहस्थ पुढच्या सिग्नलला आपल्या शेजारीच उभा असतो, हे आपण रोज पाहतो.

उपाय सोपा आहे, पण त्याला नजर लागते. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे पाहत गाडी चालवणारा माणूस तिने ब्रेक मारला की ब्रेक मारतो. तिच्याही पुढच्या तीन-चार गाड्यांकडे, सिग्नलच्या उलट्या मोजणीकडे, गतिरोधकाच्या पाटीकडे ज्याचे लक्ष असते, तो आधीच पाय काढून घेतो. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवले की हे जमते. त्या अंतरात दुचाकी घुसतात, अशी तक्रार लगेच येईल. घुसू द्या. एक दुचाकी पुढे गेल्याने आपण घरी उशिरा पोहोचत नाही.

पाय काढण्याचा आणखी एक फायदा बहुतेकांना ठाऊक नसतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाचा संगणक इंधनाचा पुरवठाच बंद करतो. चाकेच इंजिनाला फिरवत असतात, पेट्रोल शून्य. फेरे बरेच खाली आले की मगच इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. सिग्नल लांबून दिसताच क्लच दाबून न्यूट्रल करणारे लोक ही फुकटची सोय स्वतःहून नाकारतात, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला थोडे-थोडे पेट्रोल जळतच राहते.

हेच घाटाला लागू आहे आणि तिथे प्रश्न पेट्रोलपेक्षा मोठा आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, काही बहाद्दर तर इंजिनच बंद करतात. कार्बोरेटरच्या जमान्यात याने थोडे इंधन वाचतही असेल. ते कार्बोरेटर मोटारींतून कधीच हद्दपार झाले, सवय मात्र वारशाने पुढे आली. आजच्या गाडीत आंबोली किंवा ताम्हिणी न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस गिअरमध्ये उतरणाऱ्यापेक्षा जास्त पेट्रोल जाळतो. वर सगळा भार ब्रेकवर टाकतो. ब्रेक तापत गेले की त्यांची पकड जाते. इंजिन बंद केले तर पॉवर स्टिअरिंग जड होते आणि दोन-चार दाबांनंतर ब्रेकही दगडासारखा लागतो. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम सुरक्षेसाठी होता. आज तो पेट्रोलही वाचवतो.

चढताना आणि सपाटीवर गिअरचे गणित असे की, इंजिन कमी फेऱ्यांत आणि थोड्या जास्त भाराखाली चालले तर ते काटकसरीने चालते. पेट्रोलच्या छोट्या गाडीत दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आत, डिझेलमध्ये त्याहून आधी, वरचा गिअर टाकावा. डॅशबोर्डवर बाण दाखवणारी गाडी असेल तर त्या बाणाचे ऐकावे. मात्र इंजिन थरथरू लागले, ओढेना झाले, की काटकसर संपली. मुकाट खालचा गिअर टाकायचा. चौथ्या गिअरवर रडवत गाडी चढावर नेणे ही बचत नव्हे.

मोकळ्या रस्त्यावर ब्रेकची जागा हवा घेते. साधारण साठ-सत्तरच्या पुढे इंजिनाची जास्त शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्ची पडते आणि हा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेलो तर वेग पंचवीस टक्के वाढतो, हवेचा विरोध छप्पन्न टक्के. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४.५ किलोमीटरचा आहे. सबंध रस्ता शंभरने काटता आला असता तर सत्तावन्न मिनिटे लागली असती, ऐंशीने एकाहत्तर. घाटात वेग कमी करावाच लागतो, त्यामुळे चौदा मिनिटांचा हा फरकही पुरता हाती येत नाही. जो येतो तो फूड मॉलमधल्या वड्याच्या रांगेत जातो. अर्थात ऐंशीने जायचे तर उजव्या लेनमध्ये ठाण मांडून नव्हे. ती ओलांडणाऱ्यांसाठी आहे. आणि हवेचा विरोध चुकवायला ट्रकच्या मागे चिकटून जाण्याची युक्ती कोणी सांगितली, तर ती ऐकूही नये.

वेग आणि इंधनाचे हे नाते सरकारांनाही कळले होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. लोक वीस वर्षे कुरकुरले आणि १९९५ मध्ये ती उठली.

आता किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. चारही टायरमध्ये एक-एक पीएसआय हवा कमी असेल तर ॲव्हरेज ०.२ टक्के उतरते. आकडा चिल्लर आहे, पण आपल्याकडे टायर दिसायला बसेपर्यंत हवा कोणी पाहत नाही, तोवर आठ-दहाने ती उतरलेली असते. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेले असते. हवा टायर गार असताना भरावी, लांबून पळवून आणलेल्या गाडीत नव्हे. गणपतीला कोकणात जाताना टपावर कॅरिअर चढतो तो ठीक, पण तो दिवाळीपर्यंत तसाच राहतो. रिकामा कॅरिअरही हवा अडवतोच. डिकीतल्या सामानाचा त्रास त्यामानाने कमी: पंचेचाळीस किलोंमागे सुमारे एक टक्का.

एसीबद्दल वाद फार होतात. शहरातल्या संथ वेगात काचा उघड्या ठेवणे स्वस्त, महामार्गावर काचा बंद करून एसी लावणे योग्य. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबसल्या एसी पूर्ण सोडण्याऐवजी मिनिटभर काचा खाली करून आतली भट्टी बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावून आतलीच हवा फिरती ठेवावी.

उभ्या गाडीचे इंजिन ताशी साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते आणि त्या बदल्यात एक मीटरही पुढे नेत नाही. लांबचा सिग्नल, रेल्वे फाटक, शाळेबाहेर मुलाची वाट पाहणे, इथे किल्ली फिरवावी. पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागते ही समजूत जुनी आहे. आजच्या गाडीत दहा सेकंदांहून जास्त थांबायचे असेल तर बंद करणेच फायद्याचे. बॅटरी म्हातारी झाली असेल तर गोष्ट वेगळी. सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटे ‘गरम’ करत ठेवणेही सोडावे. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवावे; चालते इंजिन उभ्यापेक्षा लवकर तापते. आणि गार इंजिनावरच्या छोट्या फेऱ्याच सर्वांत महाग पडतात. दूध, दवाखाना आणि बँक एकाच फेरीत उरकणे, किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात चालत जाणे, याच्या तोडीची युक्ती कोणत्याही चालकाकडे नाही.

हे सगळे आपल्या गाडीला किती लागू पडते ते स्वतः मोजून पाहा. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा उदार असतो, त्याच्यावर विसंबू नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. एक टाकी नेहमीच्या सवयीने चालवा, पुढची ब्रेकला कमीत कमी हात, म्हणजे पाय, लावत. दोन्ही टाक्यांना रस्ते साधारण तेच असू द्या.