मौद्याची रोवणी आणि पंचवीस किलोमीटर वरचं वारं

मौदा तालुक्यात पेंच प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी येतं, तरी पऱ्हे कधी टाकायचे आणि रोवणी कधी धरायची हे आभाळाकडे बघूनच ठरतं. मृगाचं वाहन कोणतं यावर बोलणं होतंच. एल निनोही आता सगळ्यांच्या तोंडी आहे. हवामानाच्या व्हिडिओंतून आणखी एक नाव कानावर पडतं, ते म्हणजे क्यूबीओ. विषुववृत्तावर १६ ते ५० किलोमीटर उंचीवर वाहणारं वारं काही महिने पूर्वेकडून येतं, मग उलटून पश्चिमेकडून. या आलटून-पालटून वाहण्याला क्यूबीओ म्हणतात. मात्र त्याच्याबद्दलच्या समजुतींत बरीच सरमिसळ आहे.

पहिली समजूत अशी, की हे वारं थेट आपल्या डोक्यावर वाहतं. तसं नाही. क्यूबीओचा जोर विषुववृत्तावर असतो आणि बारा अंश अक्षांशाच्या आसपास तो निम्म्यावर येतो. मौदा आहे एकवीस अंशांवर. नागपूरच्या सोनेगावहून हवामान विभाग वरच्या हवेची मोजणी करण्यासाठी फुगे सोडतो. इथल्या त्या उंचीवर मुख्यतः ऋतूचं राज्य दिसतं: उन्हाळ्यात पूर्वेचं वारं, हिवाळ्यात पश्चिमेचं. क्यूबीओ नीट बघायचा तर शास्त्रज्ञ सिंगापूरच्या नोंदी काढतात.

दुसरी समजूत ठरलेल्या दोन वर्षांची. चक्र सरासरी २८ महिन्यांचं असतं, पण कधी दोन वर्षांच्या आत आटोपतं, कधी अडीच वर्षांच्याही पुढे जातं. नवी दिशा आधी वर उमटते आणि महिन्याला साधारण एक किलोमीटर या चालीने खाली सरकते. १९५३ पासूनच्या सलग नोंदींत ही चाल कधी मोडली नव्हती. २०१६ च्या सुरुवातीला ती मोडली, पश्चिमेच्या वाऱ्यातच मधोमध पूर्वेचं वारं घुसलं. २०१९-२० मध्ये पुन्हा तेच घडलं.

सगळ्यात मोठा घोळ कार्यकारणाचा आहे. वरचं वारं ढग ढकलतं आणि पाऊस पाडतं, असं मानलं जातं. खरं तर त्या वाऱ्याचं इंजिनच खाली आहे. उष्ण कटिबंधातले गडगडाटी ढग उसळताना हवेत लाटा उठवतात; त्या वर जाऊन विरतात आणि विरताना आपला जोर वाऱ्याला देतात. रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स होल्टन यांनी १९६८ मध्ये हा उलगडा मांडला, आणि तो मुळात बरोबर ठरला. एल निनो हा तर प्रशांत महासागराच्या पाण्याच्या तापमानाचा खेळ. त्याची आणि क्यूबीओची जात वेगळी.

मग मान्सूनशी संबंध नाहीच का? इतकंही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे वारं आणि देशाचा पावसाळा यांचं नातं तपासलं होतं. पुढे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या मान्सूनच्या अंदाजाच्या १६ घटकांच्या प्रारूपातही स्ट्रॅटोस्फिअरमधल्या, म्हणजे याच उंचीवरच्या, वाऱ्याला जागा मिळाली. लक्षात घ्यायचं ते हे, की सोळातला तो एक, आणि अंदाज अख्ख्या देशाच्या चार महिन्यांचा. २००२ मध्ये त्या प्रारूपाने सर्वसाधारण पाऊस सांगितला आणि देशात १९ टक्के तूट पडली. लगेच पुढच्या वर्षी हवामान विभागाने नवी प्रारूपं आणली.

क्यूबीओचा प्रभाव जास्त भक्कमपणे दिसतो तो इतरत्र. पूर्वेचं वारं असताना उत्तर ध्रुवावरचा हिवाळी भोवरा दुबळा राहण्याकडे कल असतो. उष्ण कटिबंधात सरकणारी एमजेओ ही ढगांची लाटही त्या काळात बळावते, पण डिसेंबर ते फेब्रुवारीत. रोवणीच्या दिवसांत नव्हे.

तेव्हा "यंदा क्यूबीओ पूर्वेचा, मौद्यात पाऊस दगा देणार" असं कुणी सांगितलं, तर त्यावर बियाणं पेरू नये. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यासाठी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका पाहावी. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस तिथे कळतो.